कोपऱ्यातली आई

३ मार्च

धाकटे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडू नकोस. आधी वाच, मग फाड. चौथीत शाळा सुटलेल्या बाईने दोन पानं लिहायची म्हणजे काय, ते तुला ठाऊक आहे.

अकरा वर्षांनी लिहिते आहे म्हणून कोणी गेलं असं समजू नकोस. आई बरी आहे. मी बरी आहे. मागावरचं काम मात्र सुटलं, गुडघे गेले. आता त्याच कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसते. खालून दिवा, वरून कापड सरकत जातं. चूक दिसली की फोनने फोटो काढायचा आणि मालकाला पाठवायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या. तू म्हणशील, ताईला साजेसं काम मिळालं.

आता मुद्द्याचं. आईला तुला बघायचं आहे. का, ते विचारू नकोस. आई आहे, वाटलं तिला. नुसता आवाज ऐकवून उपयोग नाही. तू गेलीस तेव्हा तिला एका कानाने थोडं ऐकू यायचं, आता दोन्ही बंद. चाळीस मागांच्या खडखडाटात तीस वर्षं काढल्यावर दुसरं काय होणार. पण हातबोली शाबूत आहे. मागखात्यात आपण तिघी बोलायचो तशाच आम्ही दोघी घरात बोलतो, ओठ मोठे करून, हात हलवून. शेजारीण म्हणते, तुमच्या घरात भांडण झालेलं कळतसुद्धा नाही. मी म्हटलं, भांडी आपटते तेव्हा कळतं ना.

म्हणजे तुम्हा दोघींना बोलायचं तर एकमेकींना दिसायला पाहिजे. तुझा नंबर तुझ्या जुन्या मैत्रिणीकडून घेतला आणि व्हिडिओ लावून बघितला. लागत नाही. मग चौकातल्या फोन दुरुस्तीवाल्याकडे गेले. टक्कल पडलेला माणूस आहे, डोळ्याला भिंग लावून बसतो. तुझा फोन कुठला ते मैत्रिणीने सांगितलं होतं, ते त्याला सांगितलं. तो म्हणाला, "बाई, तो फोन चित्राचं बोलणं फक्त आपल्या भावकीतल्या फोनांशी करतो. बाहेरच्यांना उभं करत नाही."

मी म्हटलं, "आमच्या घरातलाच शोभतो."

"आणि सगळे लोक वापरतात ते तुमच्या फोनवर आता चालत नाही. फोन म्हातारा झाला."

"फोनला आठ वर्षं झाली. मला बावन्न झाली. मी चालते ना अजून?"

तो हसला नाही. पण म्हणाला, बहिणीकडे कॉम्प्युटर असेल तर वाट निघेल. तू दिवसभर कॉम्प्युटरसमोरच बसतेस असं ऐकते. असेल तर कळव. नको असेल तर तसं कळव. पण कळव.

ताई

२२ मार्च

धाकटे,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळी, त्यातली एक तारीख. तरी बरं, "आईला सांग" असं लिहिलंस. काय सांग ते लिहायला विसरलीस. मी माझ्या मनाने सांगितलं, बरी आहे म्हणते.

तू फोनवर पाठवलेली ती ओळ, लिंक म्हणतात ती, पण आली. ओळ कसली, शेपूट. तू लिहिलंस की नुसतं तिच्यावर बोट ठेव, दार उघडेल. ठेवलं. पांढरा पडदा आला, त्यावर काहीतरी लिहून आलं आणि गेलं. दहा वेळा ठेवलं. आई म्हणाली, जोराने दाब. शेवटी दुरुस्तीवाला.

तो म्हणाला, दार बरोबर आहे, तुमच्या फोनची चौकट जुनी आहे. नवी बसवायला फोनमध्ये जागा नाही. एवढं काय भरून ठेवलंय म्हणून त्याने उघडून बघितलं तर सगळे कापडाचे फोटो. तुटलेला धागा, सुटलेला धागा, तेलाचा डाग, भोक. तीन वर्षांचे. त्याला वाटलं मी वेडी आहे. काउंटरवर उभी राहून सहाशे चुका पुसल्या मी. एवढ्या चुका एका दुपारी पुसता येतात हे आधी माहीत असतं तर बरं झालं असतं.

जागा झाली, नवी चौकट बसली. त्याने दुकानातल्या कॉम्प्युटरवर तसलीच एक ओळ तयार करून बघितली. माझं चित्र तिकडे गेलं. आवाज मात्र जाईना आणि येईना. त्याने सतरा बटणं दाबली, फोन बंद केला, चालू केला, घामाघूम झाला. म्हणाला, "चित्र जमलं, आवाज काही जमत नाही. तुमचं काम अर्धंच झालं."

मी म्हटलं, "आवाज कोणाला हवाय?"

मग मला त्याला सगळं सांगावं लागलं. मागखात्यात पंधरा हात लांबच्या बाईशी कसं बोलायचं. धाग्याची कांडी संपली तर काय खूण, मुकादम येतोय त्याची काय खूण. उजव्या हाताने हवा छातीकडे ओढली की "ये". डाव्याने ओढली की "येऊ नकोस, माझं मी बघते". एवढाच फरक, पण तो चुकला की मुकादम फुकटचा धावत यायचा आणि शिव्या घालायचा. त्याने दुकानात उभं राहून दोन्ही करून बघितलं. नंतर आलेल्या गिऱ्हाईकाला डाव्या हाताने बोलावलं. मी म्हटलं, जाईल तो.

पाच तारखेला रविवार आहे. चार वाजता. त्याच्या दुकानातूनच लावू, काही अडलं तर तो जवळ असेल. आईला परवा डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं होतं, त्यामुळे हे पत्र लांबलं. विशेष काही नाही, थेंब दिलेत.

तू बारीक झालीस का? मैत्रीण तसं म्हणाली. कॉम्प्युटर काय जेवायला वाढतो का.

ताई

६ एप्रिल

धाकटे,

काल काय झालं तुला? खरं सांग.

दुरुस्तीवाला म्हणतो, लाईन तुटली. लाईन तुटली की चित्र आधी अडकतं, हे मला आता कळतं. तुझं चित्र अडकलं नाही. तू हात पुढे केलास आणि बंद केलंस.

मी पहिल्यापासून लिहिते. चार वाजता तू आलीस. फोन खोक्याला टेकवून उभा ठेवला होता. केस पांढरे झालेत तुझे कानाशी, माझ्याआधी. आईने फोन हातात घेतला आणि तुझ्या चेहऱ्यावर अंगठा फिरवला, तर तू एकदम कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात गेलीस आणि तिथलं आईचं चित्र मोठं झालं. मग त्याने परत जागेवर आणलं. आई बोलायला लागली आणि तू हाताने म्हणालीस, "दिसत नाही, हात दिसत नाहीत." बरोबर आहे, उभ्या फोनमधून तुझ्या रुंद पडद्यावर नुसती चिंचोळी पट्टी जात होती. आईचं तोंड तेवढं, हात खाली कापलेले. दुरुस्तीवाल्याने फोन आडवा केला. तू म्हणालीस, "आता दिसतं." हाताने म्हणालीस. अकरा वर्षांनी तुझे हात बघितले मी. मागावरच्या बाईसारखेच हलतात अजून, कॉम्प्युटरने बिघडवले नाहीत.

आईने विचारलं, जेवतेस का. तू म्हणालीस, जेवते. आईने विचारलं, थंडी असते का तिकडे. तू म्हणालीस, असते. मग आई थांबली, आणि तिला जे म्हणायचं होतं ते म्हणाली. "ये." मी तिच्या शेजारी होते. हात नीट दिसतात की नाही म्हणून मी कोपऱ्यातल्या चौकोनात आईलाच बघत होते. "ये" म्हणाली, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

आणि तू बंद केलंस.

आईने मला विचारलं, का गेली. मी म्हटलं, तिच्याकडची लाईट गेली. आई म्हणाली, येईल तेव्हा परत लावेल. फोनसमोरून तासभर हलली नाही. दुरुस्तीवाल्याने दुकान बंद करायचं लांबवलं, तिला उठवलं नाही. चांगला माणूस आहे.

मागच्या पत्रात थेंब दिलेत असं लिहिलं होतं. थेंब दिलेत हे खरं, विशेष काही नाही हे खोटं. काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती सांभाळायची. बाजूचं तिला दिसतच नाही आता, पाइपातून बघितल्यासारखं समोरचं तेवढं दिसतं. आणि तो पाइप अरुंद होत चाललाय. किती दिवस, ते डॉक्टरांना सांगता येत नाही. कान गेले तेव्हा हात होते. डोळे गेले की तिच्याशी कसं बोलायचं, मला माहीत नाही. पाठीवर बोटाने लिहीन म्हटलं, तर तिला अक्षर येत नाही.

तुला घाबरवून बोलवायचं नव्हतं म्हणून आधी लिहिलं नाही. तू आपल्या मनाने यावंस असं तिला वाटतं. मला असलं नाजूक वागायला जमत नाही. आता लिहून टाकलं.

ताई

३ मे

धाकटे,

तुझं उत्तर आलं. "ताई, तिने पुन्हा तेच सांगितलं. पुन्हा फोन लावू नकोस."

पुन्हा तेच म्हणजे कुठलं, ते मला ठाऊक आहे. त्याचं पुढे लिहिते. आधी दुसरं.

मी तुझं पत्र घेऊन दुरुस्तीवाल्याशी भांडायला गेले. आईला बरोबर घेतलं. म्हटलं, "तुझ्या यंत्राने माझ्या आईचं बोलणं फिरवलं." तो म्हणाला, "बाई, यंत्र चित्र नेतं, अर्थ नाही नेत." मी म्हटलं, "मग दाखव."

त्याच्या कॉम्प्युटरला कॅमेरा नाही. कान आहे, डोळा नाही, आपल्या आईच्या उलट. पण बघायला चालतो. त्याने आईला बाहेर बाकावर माझा फोन देऊन बसवलं, खोक्यावर आडवा. मला आत कॉम्प्युटरसमोर बसवलं, जिथे तू असतेस तशी. मी आईला सांगून आत गेले होते की त्या दिवशी बोललीस तेच बोल.

मोठ्या पडद्यावर आई आली. तिने उजवा हात उचलला. थोडा ओढला. मग फोनकडे बघितलं, कपाळाला आठी घातली, हात खाली घेतला. आणि डावा उचलून छातीकडे ओढला. स्वच्छ. "येऊ नकोस, माझं मी बघते." तुझ्या जागी बसून मीही तेच वाचलं.

मी बाहेर धावले. गुडघे विसरून. म्हटलं, हात का बदललास?

आई म्हणाली, "ती बाई चुकत होती ना."

"कोण बाई?"

तिने फोनमधल्या स्वतःच्या चित्रावर बोट ठेवलं. "मी उजवा केला की ही डावा करते. येऊ नकोस म्हणते. म्हणून मी डावा केला, तर हिने उजवा केला. मग बरोबर झालं."

दुरुस्तीवाला म्हणाला, आपलं चित्र आपल्याला आरशातल्यासारखं दिसतं, समोरच्याला सरळ जातं. त्याने मला आईच्या मागची दुकानाची पाटी दाखवली. फोनमध्ये अक्षरं उलटी, आतल्या कॉम्प्युटरवर सुलटी. म्हणाला, "इतकी वर्षं धंदा करतोय, कोणाचं कधी अडलं नाही. लोक हात हलवतात, कुठला हलवला ते कोण बघतं."

आपण बघतो. समोरच्या बाईचा उजवा हात आपल्या डावीकडे असतो, हे आईच्या हाडात आहे. आरशात बघून मागावर कोणी बोललंय का कधी? आणि मीही त्या दिवशी कोपऱ्यातल्या आईलाच वाचत बसले. खरी आई माझ्या कोपराला कोपर लावून बसली होती, तिच्याकडे मान वळवून बघितलं नाही.

म्हणजे आई "ये" म्हणाली होती. हे झालं.

आता "पुन्हा तेच" चं. ही दोन दिवसांत फाडलेल्या चार कागदांनंतरची पाचवी खेप आहे.

तू जायच्या दिवशी बॅग घेऊन मागखात्याच्या दारात आलीस. दारातून आईला हाताने विचारलंस, परत येऊ ना? आईने डावा हात ओढला. तू माझ्याकडे बघितलंस आणि विचारलंस, काय म्हणाली ती?

तुला दारातून दिसत नव्हतं, मधे मागाचा सांगाडा होता. मी शेजारच्या मागावर होते, मला दिसत होतं. आईच्या उजव्या हाताच्या चिमटीत ताण्याचा तुटलेला उभा धागा होता. नुकता सापडला होता तिला. सोडला असता तर हजार धाग्यांतून परत शोधायचा, आणि मुकादम पाठीमागे उभा. तो हात गुंतला होता म्हणून तिने रिकामा होता तो ओढला. ती "ये"च म्हणत होती. तिला वाटलं, पोटची पोर आहे, समजेल.

माझे दोन्ही हात रिकामे होते. तुला नुसतं "धागा" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी खांदे उडवले. ओठाने म्हटलं, "दिसलं ना तुला."

तू निघालीस.

का केलं ते विचारशील. तू चालली होतीस आणि मी राहणार होते. एवढंच. मोठं कारण मिळेल म्हणून अकरा वर्षं शोधलं, मिळालं नाही. पुढे आई विचारायची, धाकटी का येत नाही. मी म्हणायचे, तिला वेळ नसतो. तुझं आधी एकदा पत्र आलं होतं, आई काही म्हणते का असं विचारणारं. त्याला मी उत्तर दिलं नाही. तिला ऐकू येत नाही, तिला लिहिता येत नाही, तुमच्या दोघींमध्ये बोलायला मी एकटीच होते. चालू फोन होता माझ्याकडे, मी लावला नाही.

माझ्यावर रागाव. ते तुझं माझं बघू. पण रविवारी, चोवीस तारखेला, चार वाजता कॉम्प्युटर उघड. तिच्यासाठी. कोपऱ्यातल्या बाईचा बंदोबस्त मी करते.

ताई

२५ मे

धाकटे,

उघडलास. काल मला वाटलं होतं नाही उघडणार. चारला पाच मिनिटं कमी असताना दुरुस्तीवाला तिसऱ्यांदा लघवीला जाऊन आला. त्याला काय झालं होतं कोण जाणे.

त्या कोपऱ्यातल्या चौकोनावर मी चिकटपट्टी लावली होती. तपासणीच्या टेबलावरची, कापडात चूक असली की आम्ही तिथे लावतो ती लाल पट्टी. त्याने सांगितलं, असं बटण असतं, चित्र लपवता येतं. मी म्हटलं, तुझं बटण तुझ्याकडे ठेव. पट्टी दिसते, बटण दिसत नाही. आईने विचारलं, हे काय. मी म्हटलं, त्या बाईला घरी पाठवलं. आई म्हणाली, बरं केलंस, आगाऊ होती.

मग आईने उजवा हात ओढला. एकदा नाही, कितीदा ते तू मोजलंस का? मी मोजलं नाही.

तुझ्यावर मात्र चिडले आहे. हातबोली येते तुला, कालपर्यंत येत होती. आई "ये" म्हणाली आणि तू तोंडाने बोलायला लागलीस. रडत. आवाज इकडे येत नाही हे तुला आधीच लिहिलं होतं. आणि रडणाऱ्या माणसाचे ओठ आम्हाला वाचता येत नाहीत, मागावर ते कोणी शिकवलं नाही. तू "येते" म्हणालीस एवढं तुझ्या मानेवरून कळलं. पुढे बरंच काही सांगितलंस. बोटंही दाखवलीस. आई म्हणते नऊ तारीख, मी म्हणते एकोणीस, दुरुस्तीवाला म्हणतो नऊ दिवस. दुकानात आलेल्या एका गिऱ्हाईकानेही मत दिलं. एक नक्की तारीख नीट लिहून पाठव. नाहीतर पाठवू नकोस, सरळ ये.

मागचं पत्र टाकल्यावर आईला मी तू गेलीस त्या दिवसाचं सगळं सांगितलं. धाग्याचं, खांदे उडवल्याचं. दोन दिवस तिने माझ्याकडे बघितलं नाही. ऐकू न येणारं माणूस बघायचं थांबलं की घराला कुलूप लागतं, तुला सांगून कळणार नाही. तिसऱ्या दिवशी तिने माझं ताट माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, "तेव्हा धागा सोडायला पाहिजे होता मी." मी म्हटलं, मुकादम ओरडला असता. ती म्हणाली, "मला कुठे ऐकू येत होतं."

तू माझ्याबद्दल काल काही बोलली नाहीस. मी मागे उभी होते, दिसत होते तुला, एकदा बघितलंस. ठीक आहे. आल्यावर बोल, तोंडाने. मला ऐकू येतं.

आता नीट वाच, येताना उपयोगी पडेल. घर तेच आहे, जिना तोच, तिसरी पायरी अजून हलते. दार वाजवू नकोस, ढकल. आई खिडकीजवळच्या खुर्चीत असते, तोंड दाराकडे. बाजूने जाऊ नकोस, तिला बाजूचं दिसत नाही. अगदी समोर उभी राहा, उजेडात.

आणि बॅग डाव्या हातात धर. उजवा रिकामा ठेव.

ताई